उडवू की असू दे?

२२ ऑगस्ट १९९९, रविवार
डोंबिवली

आज घरात कॉम्प्युटर आला. मंजूने नवा घेतला आणि जुना आमच्याकडे पाठवून दिला. मंजू आमची एकुलती एक. ठाण्याला चेंदणी कोळीवाड्यात दिली आहे. दिली म्हणजे तिचं तिनंच ठरवलं, आम्ही अक्षता टाकल्या. जावई मोरेश्वर नौपाड्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका ऑफिसात आहे. तोच टेम्पोतून सगळं घेऊन आला. टीव्हीसारखं एक, पेटीसारखं एक, आणि करवतीसारखा आवाज करणारा प्रिंटर.

"आम्हाला काय करायचाय हा?" असं मी म्हटलं. मंजू म्हणाली, "बाबा, असू दे. वेळ जाईल."

मला वेळ घालवायची काही अडचण नाही. मे महिन्यात कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली (स्वेच्छा कोणाची, ते विचारू नये) तेव्हापासून मी सकाळी उठून एमआयडीसीपर्यंत चालत जातो. आमचं जुनं गेट बंद असतं, पण मारुती वॉचमन अजून खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याच्याशी दोन शब्द होतात आणि मी परत येतो. व्यायाम होतो.

सन दोन हजार उजाडलं की कॉम्प्युटर बिघडतील अशी सगळीकडे धास्ती आहे, म्हणून मोरेश्वरने पाठवण्याआधी नवीन विंडोज टाकून दिलं आहे. कसं चालू करायचं, कसं बंद करायचं, हे त्याने दाखवलं. मी त्याला पेटीच्या आत काय काय आहे तेही उघडून दाखवायला लावलं. जी वस्तू ताब्यात घ्यायची ती पाहून घ्यावी. कंपनीच्या स्टोअर्समध्ये जन्म गेला, ती सवय आहे.

त्यात दोन फोल्डर निघाले. एकाचं नाव 'ओल्डविन', दुसऱ्याचं 'टेम्प'.

"हे काय?"

"ओल्डविनमध्ये जुनं विंडोज आहे बाबा. नवं पटलं नाही तर परत जुन्यावर जाता यावं म्हणून ठेवलंय. आणि टेम्प म्हणजे नवं टाकताना उतरवलेलं सामान, काढायचं राहून गेलं. उडवा हवं तर नंतर."

"नंतर म्हणजे कधी?"

"वाटेल तेव्हा."

'वाटेल तेव्हा' हा काही शेरा नव्हे. मी विषय तिथेच थांबवला.

२६ ऑगस्ट

चार दिवस विचार केला. ओल्डविन आणि टेम्प दोन्ही राहू द्यायचे. स्टोअर्सचा साधा नियम आहे, ज्याचा उपयोग आपल्याला कळत नाही ते निरुपयोगी आहे असं समजू नये. एकदा एका हुशार इंजिनिअरने भंगारात काढलेला व्हॉल्व्ह मी कपाटामागे ठेवून दिला होता. पुढच्याच पावसाळ्यात सगळा प्लँट त्या व्हॉल्व्हवर चालला.

मारुतीला हे सांगितलं. तो म्हणाला, "घागसाहेब, तुम्ही होता म्हणून." गेटच्या आत गवत फार वाढलं आहे.

मंजूचा रोज संध्याकाळी फोन येतो. कॉम्प्युटरची चौकशी करते. "बाबा, सकाळी वेळेवर चालू केला ना? दुपारी नुसता पडून राहू देऊ नका हं त्याला, बिघडतो." एवढ्या तेवढ्यावरून बिघडणारं यंत्र लोक विकत घेतात तरी कशाला?

३ सप्टेंबर

कलावतीला त्यात चित्रं काढायचा एक कप्पा सापडला. मी बाजारातून आलो तर ही चष्मा नाकावर घेऊन बसलेली आणि पडद्यावर कमळ! आमच्या दारापुढे रोज ही ठिपक्यांची रांगोळी घालते. तिसऱ्या मजल्यावर कोण बघतं म्हणा, पण लग्न होऊन आल्यापासून खंड नाही. तेच आता काचेवर.

मला म्हणाली, "अहो, ठिपके तुम्ही घालून द्या. तुमच्यासारखे सरळ मला नाही जमत."

मग सबंध सकाळ मी ठिपके घातले. एकेक ठिपका, ओळीत, माऊस सांभाळून. मान आखडली. पण काम चोख झालं. आज एमआयडीसीकडे जायचं राहिलं.

९ सप्टेंबर

रोज ठिपके. तिला माझ्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

१५ सप्टेंबर

परवा गणपती बसले. कलाने मखराभोवती तिच्या रांगोळ्यांचे छापील कागद लावले होते. येणारा प्रत्येक माणूस आधी गणपतीला हात जोडे आणि मग मान वाकडी करून कागद बघे. बायका तर बसकण मारून बोटाने रेघा गिरवत होत्या.

आज बाळकाका आले. रामनगरात त्यांचा छोटा प्रेस आहे, पत्रिका आणि पावती-पुस्तकं छापतात. मोदक खाता खाता म्हणाले, "वहिनी, अशा भरपूर आहेत का? दिवाळीला पुस्तक काढू. दर वर्षी गिऱ्हाईक विचारतं, आणि मी जुनंच छापून देतो."

कला उठली. आत जाऊन त्यांना आणखी एक मोदक घेऊन आली. मला वाटलं नाही म्हणायचं असेल, म्हणून मी म्हटलं, "बाळकाका, ही घरगुती गोष्ट आहे हो." तेव्हा दारातूनच म्हणाली, "दसऱ्यापर्यंत देते."

माणसाने हिशेब करून शब्द द्यावा. घरात गौरी, पाहुणे, आणि ही बाई दसरा म्हणते!

२० सप्टेंबर

आज एक गंमत पाहिली. कलाने ठिपक्यांच्या एका तुकड्याभोवती चौकट आखली, कसलंसं बटण दाबलं, आणि तो तुकडा उचलून शेजारी ठेवला. पुन्हा ठेवला. डोळ्याचं पातं लवायच्या आत सबंध पान ठिपक्यांनी भरलं.

"हे कुठे शिकलीस?"

ती दचकली. मग म्हणाली, "तुमचं बघून बघूनच."

मी असं कधी केल्याचं मला आठवत नाही. पण माणूस नकळत बरंच शिकवून जात असतो.

लगेच म्हणाली, "पण मधले ठिपके तुम्हीच घाला हं." घातले.

२७ सप्टेंबर

घोटाळा झाला. कलाने मोराची रांगोळी पुरी केली, रंग भरले, आणि जपून ठेवायला गेली तर पडद्यावर पाटी आली की डिस्क भरली आहे, जागा नाही. पुन्हा केलं, पुन्हा पाटी. शेवटी तो मोर उघडाच ठेवून आम्ही दोघं बघत बसलो. तेवढ्यात वीज गेली. मोर गेला.

 कलाने उठून डाळ चढवली.

मोरेश्वरला फोन केला. तो म्हणाला, "रंगीत चित्रं फार जागा खातात. आणि तो डबा मुळात लहान. ओल्डविन आणि टेम्प उडवा की. निम्मं काम तिथेच होईल."

"पण परत जुन्यावर जायचं झालं तर?"

जरा थांबून म्हणाला, "हां, ते आहेच म्हणा. मग राहू द्या. बघा तुम्ही, तुमच्या हातात आहे."

मागून मंजू ओरडत होती, "बाबा, उडवा हो! परत कोण जातंय जुन्यावर?"

नवराबायकोचं एकमत नसेल तर तिसऱ्याने निर्णय कसा घ्यायचा? टेम्प मात्र मी आज काढला. ते नुसतं वेष्टण होतं, त्याबद्दल माझं दुमत नाही. ओल्डविन जागेवर आहे. टेम्प काढल्यावर थोडी जागा झाली, त्यात कलाने मोर पुन्हा काढला. म्हणते पहिलाच चांगला होता.

५ ऑक्टोबर

कारखानीस साहेबांचा फोन! आमचे जुने वर्क्स मॅनेजर. कंपनीने नवा प्लँट वापीला टाकला आहे, ते आता तिथे आहेत. म्हणाले, "घाग, काय करता? वेळ जातो का? इथे स्टोअर्सला जुनं माणूस हवंय. वर्षाचं कंत्राट करू, राहायची सोय आहे. एकदा येऊन बघून जा. दसऱ्यापर्यंत सांगा."

फोन ठेवल्यावर रिसीव्हर नीट बसला की नाही ते मी दोनदा पाहिलं, हे इथे लिहायला हरकत नाही. कोणीतरी आठवण काढली. मी तर म्हणतच होतो की स्टोअर्सचं माणूस असं वाटेल तेव्हा उभं करता येत नाही.

कलाला सांगितलं. ती दळणाचे गहू निवडत होती. "वापीला?"

"वर्षाचाच प्रश्न आहे. शनिवार-रविवारी येईनच."

"तुम्हाला जायचंय का?"

"अगं, बोलावलंय त्यांनी!"

"ते ऐकलं. तुम्हाला जायचंय का, ते विचारतेय."

हा काय प्रश्न झाला? मी कपाटातून माझे कंपनीत घालायचे शर्ट काढून उन्हात टाकले. एकाची कॉलर विरली आहे, बाकी चांगले आहेत.

१२ ऑक्टोबर

आज ठाण्याला गेलो होतो. टेंभी नाक्याच्या देवीचं दर्शन घेतलं. रांग मोठी होती पण कलाला फार आनंद झाला. देवीपुढच्या फुलांच्या आराशीकडे ती इतकी टक लावून बघत राहिली की मागच्या बाईने ढकललं. बाहेर आल्यावर पिशवीतून पेन्सिल काढून प्रसादाच्या कागदावर रेघा मारत उभी राहिली. मी भर चौकात पिशवी धरून!

मग जेवायला चेंदणीला, मंजूच्या घरी. नवरात्र म्हणून मासळी नव्हती, तरी जनीबाईंनी वालाचं बिरडं असं केलं होतं की तक्रार नाही. जनीबाई म्हणजे आमच्या विहीणबाई. बाजारात त्यांची बसायची जागा आहे, आवाज अख्ख्या खाडीला ऐकू जाईल असा.

जेवताना पुन्हा ओल्डविनचा विषय निघाला. जनीबाईंनी विचारलं, "काय तं ओल्डबिल्ड?" मोरेश्वरने आईला समजावलं की नवं आलंय, जुनं पण आत पडून आहे, आणि जागा अडली आहे.

त्या मासळीच्या जाळ्याचं उदाहरण देत म्हणाल्या, "जुना जाला टाकाचा नय, याही. नवा फाटला का जुन्याचाच तुकडा लावाचा."

मी मंजूकडे पाहिलं. बघ म्हटलं, अनुभवी माणूस काय बोलतं ते!

जनीबाईंनी मला आणखी भात वाढला आणि म्हणाल्या, "पन जाला सुकवाला आंगना लागतं. तुमच्या घरान आंगना हाय का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण मुद्दा माझ्या बाजूचाच होता.

निघताना मोरेश्वर पायऱ्यांपर्यंत आला. "बाबा, वापीचं खरंच ठरलंय?" मी म्हटलं, बघून येतो शनिवारी. तो म्हणाला, "या बघून." आणि उगीचच माझ्या हातातली पिशवी घेऊन स्टेशनपर्यंत चालत आला. चांगला मुलगा आहे. बोलतो कमी.

१४ ऑक्टोबर

भांडण झालं. लिहावं की नाही असं वाटलं, पण वही माझी आहे.

पुन्हा ती पाटी आली, डिस्क भरली. पुस्तकाची शेवटची पानं राहिली आहेत. देवीच्या आराशीवरून कलाने एक मोठी रांगोळी केली आहे, मुखपृष्ठासाठी, आणि तीच जागेत मावेना. बाळकाकांचा सकाळी फोन येऊन गेला होता.

कला म्हणाली, "आता ते जुनं काढा."

मी म्हटलं, "फ्लॉपीवर ठेव तुझी चित्रं."

"एका फ्लॉपीत एक चित्र मावतं. आणि त्या फ्लॉप्यांतल्या काही उघडतच नाहीत. सगळं दोनदा करायचं का मी?"

"हे बघ, एखादी गोष्ट राइट-ऑफ करायची तर तिला पद्धत असते. चार माणसं बसतात, विचार होतो..."

"मी रोज सकाळी कालची रांगोळी पुसते," कला म्हणाली. "कधी चार माणसं बसवली होती का?"

"रांगोळीची गोष्ट वेगळी."

"काय वेगळी? ती निदान माझ्या हातची असते. पुसताना एखाद्या दिवशी जिवावर येतं. ते तुमचं ओल्डविन तर तुम्ही एकदा उघडूनही बघितलेलं नाही."

मग तिने चष्मा काढला. "तुम्ही खुशाल जाल वापीला. आणि मी इथे बसू, जुनं सामान राखत? ते परत येईल, लागेल, म्हणून?"

मला वाटतं ती फोल्डरबद्दलच बोलत होती. पण डोळे पुसत होती. फोल्डरसाठी कोणी रडत नाही. थकली असेल. बरेच दिवस तिने दुपारची झोप घेतलेली नाही.

संध्याकाळी मीच चहा केला. साखर जास्त झाली. तिने प्यायला.

१६ ऑक्टोबर, शनिवार

वापीला जाऊन आलो. दिव्याहून वसई, तिथून पुढे. कंपनीचा शर्ट घातला होता. कलाने डब्यात पोळी-भाजी आणि वर गुळाचा खडा दिला होता. बाकी दोन दिवस आमचं बोलणं कामापुरतंच.

प्लँट मोठा आहे, चकचकीत आहे. कारखानीस साहेब जुन्या ओळखीने भेटले, खांद्यावर हात ठेवला, चारजणांना सांगितलं, "हे आपले डोंबिवलीचे घाग." ते चौघे 'हो का' म्हणाले. स्टोअर्समध्ये सगळं कॉम्प्युटरवर. एक मुलगी बसते, नम्र आहे, तिने मला विचारलं, "अंकल, चहा घेणार?" मला वाटलं होतं ती काहीतरी कामाचं विचारेल.

"माझं काम काय राहील साहेब?" मी विचारलं.

"अहो, तुम्ही असलात की आधार असतो. काही अडलं तर विचारायला. चला, तुमची जागा दाखवतो."

मागच्या शेडमध्ये घेऊन गेले. तिथे माझे रॅक होते. डोंबिवलीचे. मी लांबूनच ओळखले. लेबलं माझ्या अक्षरातली: गॅस्केट, नट-बोल्ट, बेअरिंग. बेअरिंगच्या खणात कँटीनच्या तुटलेल्या थाळ्या होत्या. गॅस्केटच्या खणात एका मांजरीने पिल्लं घातली होती.

"वापरात नाहीत का हे?"

"नाहीत हो. पण चांगले आहेत, टाकवत नाहीत. असू देत, लागतील कधी." आणि रॅकच्या शेजारी बोट दाखवून म्हणाले, "इथे तुमचं टेबल टाकू. पंखा लावून देतो."

मी ते मांजर बघत उभा राहिलो. पिल्लं चांगली गुटगुटीत होती.

येताना गाडीत बसायला मिळालं. डबा खाल्ला. घरी आल्यावर कलाने विचारलं, "कसं होतं?"

"उकाडा फार आहे," मी म्हटलं.

१७ ऑक्टोबर

सकाळी अंघोळ करून कॉम्प्युटरपुढे बसलो. ओल्डविन उघडून बघितला. नुसती नावं, एकाखाली एक, न संपणारी. त्यातलं एकही मला लागलेलं नाही, आणि लागलं असतं तरी ओळखलं नसतं. बंद केला. कलाला हाक मारली नाही. डिलीट दाबलं.

त्याने विचारलं, खात्री आहे का? मी 'हो'वर गेलो. कागद उडत उडत एका टोपलीत पडताना दाखवतात, तेवढं चित्र मजेदार आहे.

मग जागा बघायला गेलो तर जागा तेवढीच! काही फरक नाही. मला घाम फुटला. कलाला बोलावलं. तिने चष्मा लावून बघितलं आणि हसायला लागली.

"अहो, केर टोपलीत भरलात खरा. पण टोपली घरातच आहे की! टेम्पच्या वेळी ती मीच रिकामी केली होती."

टोपली उघडली. ओल्डविन आत जसाच्या तसा. वर लिहिलेलं, परत जागेवर ठेवायचं आहे का? म्हणजे हे सरळ नव्हतंच. आपण ठरवायचं, आणि मग पुन्हा ठरवायचं.

खरं सांगायचं तर मी माऊसवरचा हात काढून घेतला. कला घाई करत नव्हती. ती माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

"राहू दे का?" तिने विचारलं. अगदी मनापासून विचारलं. "मी काढीन काहीतरी मार्ग. मुखपृष्ठ हाताने काढून देते बाळकाकांना."

"नको," मी म्हटलं. टोपली रिकामी केली.

आता काहीतरी होईल म्हणून मी वाट बघितली. काही झालं नाही. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. नेहमीसारखा चालू झाला. इतके दिवस ज्याला जपलं त्याच्यावाचून कोणाचं काहीच अडलं नाही, याचं थोडं वाईट वाटलं, नाही असं नाही. पण जागा अशी मोकळी झाली की कला म्हणाली, "अगंबाई, आता तर दोन पुस्तकं मावतील." आणि बसली. दुपारपर्यंत मुखपृष्ठ तयार. वरण-भात मी लावला. मीठ विसरलो.

मोरेश्वरला फोन करून सांगितलं की निर्णय झाला. म्हणाला, "छान केलंत बाबा. आणि काळजी करू नका, जुन्याची सीडी माझ्या कपाटात आहेच."

"काय? मग आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही इतकं नीट सांभाळत होतात," तो म्हणाला, "म्हटलं, राहू दे."

विसरला असेल. तरुण मुलांना लक्षात राहत नाही.

१९ ऑक्टोबर, दसरा

सकाळी कॉम्प्युटरला झेंडू वाहिला, प्रिंटरला हळदीकुंकू. मग कारखानीस साहेबांना फोन केला.

"साहेब, जमणार नाही."

"का हो? घरी काय करताय?"

"घरी काम निघालंय. माल वेळेत प्रेसला पोचवायचाय."

"कसला माल?"

"रांगोळी."

ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मीही हसलो. शेवटी म्हणाले, "बरं, काही अडलं तर फोन करीन हं." मी म्हटलं, जरूर करा. आणि ते मांजर हाकलू नका.

दुपारी मोरेश्वरने दुसऱ्या एका पेटीत सगळं उतरवून घेतलं आणि ती पेटी आम्ही तिघांनी रिक्षाने बाळकाकांकडे नेली. रस्ताभर मी ती मांडीवर धरली होती. कलाने सोनं दिलं सगळ्यांना, बाळकाकांनाही. तिचे हात गार पडले होते.

३१ ऑक्टोबर

पुस्तकं आली. वर देवीपुढची ती रांगोळी, लाल आणि पिवळी. खाली 'कलावती परशुराम घाग'. कला त्या नावावरून नुसता हात फिरवत होती. मी गठ्ठे खाटेखाली लावले, प्रत्येक गठ्ठ्याचं तोंड बाहेर, म्हणजे काढताना अडचण नको. नौपाड्यातल्या एका दुकानासाठी मंजूने आत्ताच गठ्ठा नेला. जनीबाईंनी बाजारात बसल्या बसल्या पाटीशेजारी पुस्तक ठेवलं आहे म्हणे. गिऱ्हाइकाने मासळीचा भाव विचारला की आधी पुस्तक दाखवतात.

बऱ्याच दिवसांत एमआयडीसीकडे गेलो नाही. मारुतीला दिवाळीचा फराळ द्यायला जायला हवं.

७ नोव्हेंबर, नरकचतुर्दशी

पहाटे अभ्यंगस्नान, फराळ, आणि मग डोंबिवलीच्या रिवाजाप्रमाणे फडके रोडला गणपतीच्या दर्शनाला. तरुण मुलांची नुसती जत्रा. कलाने मंजूने दिलेली नारायणपेठ नेसली होती.

जाताना एका बोळात तळमजल्याच्या दारापुढे एक मुलगी उकिडवी बसून रांगोळी घालत होती. नवीन लग्न झालेली असावी, हिरवा चुडा होता. शेजारी आमचं पुस्तक उघडं, त्यावर दगड ठेवलेला. कला थबकली. मी पुढे होऊन बघितलं. मोराचं पान! मुलगी अडली होती. मानेजवळच्या एका ओळीत ठिपका कमी पडत होता. पुस्तकातच कमी होता. कलाचा चेहरा उतरला. हळूच म्हणाली, "अहो, हे दुसऱ्यांदा काढताना राहून गेलं. चला इथून."

मुलीने थोडा विचार केला. मग आपल्या मनाने एक ठिपका घातला, रेघ त्यातून वळवली, आणि मोराने मान मागे वळवून पाहिल्यासारखं झालं. पुस्तकातल्यापेक्षा छान.

"बघा," कला म्हणाली. "असा हवा होता तो." आणि माझं मनगट धरून मला पुढे नेलं. "काही बोलू नका हं."

 देवळात गेलो, दर्शन झालं. प्रसाद घेतला. पण मला राहवेना. "रुमाल पडला वाटतं," असं सांगून मी परत त्या बोळात गेलो.

"हे पुस्तक माझ्या बायकोचं आहे," मी त्या मुलीला सांगितलं.

ती गोंधळली. "नाही हो काका, मी विकत घेतलंय, बाजीप्रभू चौकात."

"तसं नव्हे! तिनं काढलंय. कलावती घाग. त्या तिथे, देवळापाशी, हिरव्या साडीत."

मुलीने कपाळावरचे केस मनगटाने मागे सारले आणि उठून उभी राहिली. "खरंच? बोलवा ना त्यांना! मला सही हवी."

मी जवळजवळ धावत गेलो. कला चिडली, लाजली, नको नको म्हणाली, पण आली. मुलीने आतून पेन आणलं. कलाने आधी मोराभोवती एक फेरी मारली, वाकून तो नवा ठिपका नीट बघितला, आणि म्हणाली, "हा मी पुढच्या छपाईत घेऊ का?"

"घ्या की!" मुलगी म्हणाली.

मग कलाने पुस्तक भिंतीला टेकवलं आणि सही केली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. तिची सही मी मंजूच्या प्रगतिपुस्तकावर पाहिली होती, बँकेत पाहिली होती, नेहमी माझ्या सहीच्या खाली, घाईघाईत केलेली. ही तशी नव्हती. सावकाश, एकेक अक्षर, आणि शेवटी 'ग'ला असा एक फाटा दिला की तो फाटा पानाबाहेर भिंतीवर गेला.